काढा आणि सव्वा महिना



या व्यासपीठावर विद्वान मंडळी येतात आणि आपापल्या अभ्यासाचा विषय मांडतात. मी विद्वान नाही. माझी शाळा सातवीत सुटली. पुढे जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीत, मंडळी घरोघर गेल्यानंतर. यंदा मी 'बाळंतिणीच्या औषधांचा इतिहास' हा विषय घेतला आहे असे कळल्यावर आमच्याच एका सहकाऱ्याने विचारले, "अहो, पगारवाढ, बोनस, ग्रॅच्युइटी हे तुमचे विषय. बाळंतिणीच्या काढ्याशी तुमचा काय संबंध?" मी त्यांना म्हटले, संबंध आहे, आणि तो बोनसइतकाच जवळचा आहे. तो कसा, एवढेच आज सांगायचे आहे.

आधी एक खुलासा करून टाकतो. मी वैद्य नाही आणि डॉक्टरही नाही. येथे ज्या वनस्पतींची नावे घेईन ती इतिहास म्हणून घेईन. उद्या सकाळी उठून कोणी त्या उकळायला ठेवू नयेत. त्यांतल्या दोन तर जीव घेणाऱ्या आहेत. त्यांची हकीकत पुढे येईलच. आणि आपल्या जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, तरी जुन्या गोष्टी सांगताना तोंडात नगर हेच येईल, तेवढे चालवून घ्यावे.

माझा जन्म १९७२ च्या दुष्काळातला. माझी आई नगर शहरात विड्या वळीत असे. मी झालो तेव्हा आजी खेड्याहून आली ती फडक्यात एक लहानसे गाठोडे बांधून घेऊन. त्यात बाळंतशेपा होता, ओवा होता, सुंठेचे चार तुकडे, मूठभर डिंक आणि काही मुळ्या होत्या. डिंकाचे लाडू करायला तूप नव्हते आणि खोबरेही नव्हते. आजीने मुळ्या उकळून काढा केला आणि तो आईला दोन वेळ पाजला. बाराव्या दिवशी बारसे झाले, आणि त्याच दुपारी आईने विड्यांचे सूप मांडीवर घेतले. पुढे आयुष्यभर तिची कंबर दुखत राहिली. कोणी विचारले की ती म्हणे, "काढा घेतला होता, पण लागू पडला नाही." लहानपणी मला हे बोलणे खरे वाटे. पुढे युनियनच्या कामात शेकडो बायकांच्या तोंडून हेच वाक्य ऐकल्यावर मनात शंका आली, की काढ्याचा यात काय दोष? काढ्याबरोबर जे द्यायचे असते ते तर तिला मिळालेच नव्हते!

ते काय, हे समजण्यासाठी आपण आधी या औषधांचीच ओळख करून घेऊ.

आपला जिल्हा औषधी वनस्पतींच्या बाबतीत मोठा श्रीमंत आहे. पश्चिमेला अकोले तालुका. कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड यांच्या उतारावर पाऊस धो धो कोसळतो आणि महादेव कोळी, ठाकर मंडळी पिढ्यान्‌पिढ्या हिरडा, बेहडा गोळा करून विकत आली आहेत. तेथेच शतावरीचा काटेरी वेल वाढतो; जमिनीखाली त्याच्या मुळांचा पांढरट कंदांसारखा घड असतो. बाळंतिणीला दूध उतरावे म्हणून ही शतावरी दुधात उकळून देण्याची चाल फार जुनी. डिंक मिळतो तो धावड्याचा किंवा बाभळीचा. आता पूर्वेकडच्या कोरड्या माळावर या. तेथे काही नाही असे आपल्याला वाटते. पण पायात रुतणारा सराटा म्हणजेच वैद्यांचे गोखरू, आणि गायरानात पसरलेली काटेरी भुईरिंगणी म्हणजे त्यांची कंटकारी. ही दोन्ही दशमुळांपैकी आहेत. बेल, शिवण, पाडळ, टेंटू आणि ऐरण ही पाच मोठी. सालवण, पिठवण, रिंगणी, डोरली आणि गोखरू ही पाच लहान. या दहा मुळांचा काढा किंवा दशमूलारिष्ट म्हणजे बाळंतिणीचे ठरलेले औषध.

राहिले ते स्वयंपाकघरातले. शेपूची भाजी आणि शेपूचे बी, म्हणजेच बाळंतशेपा. वारा धरू नये म्हणून जेवणानंतर चावायचा. ओवा, सुंठ, पिंपळमूळ, मेथी. अळिवाची खीर किंवा लाडू. अळिवात लोह भरपूर असते, ही गोष्ट आमच्या आज्यांना ठाऊक नव्हती, पण रक्त गेलेल्या बाईला अळीव द्यावा एवढे ठाऊक होते. खारीक, खोबरे, गोडंबी, गूळ, तूप. शिवाय अंगाला तेल चोळायचे, कढत पाण्याने न्हाऊ घालायचे, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवून ओव्याची, शेपाची धुरी द्यायची, कानाला फडके बांधायचे. माहेरून हे सारे सामान आणि बाळाची कुंची-दुपटी येत. त्याला बाळंतविडा म्हणायचे.

अंगावर जास्त जाऊ लागले तर अशोकाची साल आणि लोध. येथे एक इशारा देतो. शाळांच्या आवारात ओळीने लावलेला, लांब कुरळ्या पानांचा, सरळसोट वाढणारा अशोक हा औषधाचा अशोक नव्हेच. औषधाचा तो सीतेचा अशोक, शेंदरी फुलांच्या गुच्छांचा. तो आता रानात दुर्मीळ झाला आहे आणि त्याच्या सालीत दुसऱ्याच झाडांची साल मिसळून विकली जाते. दुसरे असे, की पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसू लागले तर ते गर्भाशयाच्या कर्करोगाचे लक्षण असू शकते. अशा वेळी अशोकारिष्टाच्या बाटल्या संपवत बसणे म्हणजे हातातला वेळ घालवणे आहे. तेथे आधी तपासणी झाली पाहिजे.

मग ही औषधे खरी की खोटी? मला एवढेच कळले आहे, की सगळ्यांना एका मापाने मोजता येत नाही. शतावरीने दूध वाढते काय, यावर थोड्याथोड्या स्त्रियांवर चाचण्या झाल्या आहेत. निष्कर्ष एकसारखे नाहीत. मेथीचेही तसेच. अळीव, डिंक, खारीक, तूप, गूळ हा तर सरळसरळ आहार आहे आणि रक्त गेलेल्या, अंगावर पाजणाऱ्या बाईला त्याची गरज आहे यात वाद नाही. शेगडीच्या धुराने मात्र आईचे आणि नवजात बाळाचे डोळे-छाती बिघडते. ती चाल सुटत चालली हे बरेच झाले.

आता या औषधांच्या ग्रंथांकडे वळू. मी संस्कृत शिकलेला नाही. मराठी भाषांतरांवरून वाचले. चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भिणीने महिन्यामहिन्याला काय घ्यावे ते सांगितले आहे, आणि त्यात दूध, लोणी, तूप हेच पुन्हा पुन्हा येते. सुश्रुताने बाळंतिणीची पथ्ये दीड महिना पाळावीत असे म्हटले आहे. तोवर ती 'सूतिका'. कश्यपाच्या नावाची एक संहिता नेपाळात त्रुटित हस्तलिखिताच्या रूपाने जपून राहिली होती. ती १९३८ साली छापून प्रसिद्ध झाली. माता आणि बालक हाच तिचा मुख्य विषय आहे. हे वाचताना माझ्यासारख्या कामगार माणसाच्या ध्यानात आले ते असे, की या ग्रंथांत वनस्पती एकटी कधी येत नाही. तिच्याबरोबर स्निग्ध अन्न आहे, ऊब आहे, मर्दन आहे, जवळ राहणाऱ्या जाणत्या स्त्रिया आहेत, आणि सर्वांत मुख्य म्हणजे दिवस आहेत. दीड महिना म्हणजे पंचेचाळीस दिवस. आपल्याकडे लोकरीतीने तो सव्वा महिना झाला. सव्वा महिना बाळंतिणीने पाण्याची घागर उचलायची नाही, दळायचे नाही, शेतात जायचे नाही. त्याला कोणी विटाळ म्हटले, कोणी सोयर म्हटले. त्यात शिवाशिवीचा जाच होता आणि कोंदट अंधाऱ्या खोलीचाही होता. पण त्या रूढीच्या पोटात एक विसावा दडलेला होता.

हा विसावा कोणाला मिळे? जिच्या माहेरी दाणे असत, तिला. पहिल्या बाळंतपणाला लेक सातव्या महिन्यात माहेरी येई आणि मूल अंगाबरोबर झाले की परत जाई. हा खर्च तिचा बाप करी. म्हणजे पगारी रजाच ती, फक्त पगार माहेरचा! आमच्या विडीवाल्या बायका, मोलकरणी, शेतमजूर बायका यांच्या माहेरीही तीच दैना. त्यांच्या वाट्याला बाळंतविड्यातला काढा आला, कारण मुळ्या रानात फुकट मिळतात. तूप विकत घ्यावे लागते, आणि विसावा तर रोजगार बुडवून घ्यावा लागतो. म्हणून मी म्हणतो, की गरीब बाईला औषध मिळाले ते विसाव्याबरोबर नव्हे, विसाव्याच्या ऐवजी मिळाले.

हे झाले बाळंतिणीच्या हिताच्या औषधांचे. आता त्या दोन जीवघेण्या वनस्पतींकडे येतो. विषय नाजूक आहे, पण इतिहास सांगायला बसल्यावर तो टाळणे हा अप्रामाणिकपणा होईल.

श्रावण-भाद्रपदात सह्याद्रीत कुंपणावर ज्वाळेसारखी पिवळी-तांबडी फुले येतात. ती कळलावी. भांडण लावणाऱ्या माणसालाही आपण कळलाव्या म्हणतो आणि हे फूल घरात आणले तर कलह होतो अशी समजूत आहे. पण नावाचा मूळ अर्थ वेगळा आहे. प्रसूतीच्या कळा लावणारी ती कळलावी. अडलेल्या बाईच्या तळपायाला, बेंबीभोवती तिच्या कंदाचा लेप देत. संस्कृत निघंटूंत तिचे एक नाव 'गर्भपातिनी' असे सरळच दिले आहे. तिच्यात कोल्चिसिन नावाचे जहाल विष असते. कंद पोटात गेला तर ओकाऱ्या, जुलाब आणि पुढे मरण. दुसरी वनस्पती चित्रक. त्याचे मूळ कातडीला लागले तरी फोड येतात. या दोन्हींचा उपयोग नको असलेला गर्भ पाडण्यासाठी गुपचूप होत असे, आणि त्यात किती बायका गेल्या याची नोंद कोणी ठेवली नाही. घरचे लोक पोटशूळ झाला म्हणून सांगत आणि रात्रीतच उरकून टाकत.

या बायका कोण असत? विधवा, ज्यांना पुन्हा लग्न करण्याची बंदी होती. कुणब्याच्या घरी पाटाची रीत होती. वरच्या म्हणवणाऱ्या जातींत ती नव्हती. घरातल्याच एखाद्या पुरुषाने फसवलेली कोवळी विधवा कोणाकडे जाणार? १८६० च्या भारतीय दंडसंहितेने गर्भपात हा गुन्हा ठरवला आणि त्यात त्या स्त्रीलाही शिक्षेस पात्र केले. पुरुषाचे नाव त्या कलमात नव्हते. तेव्हा तिच्यापुढे वाटा उरल्या तीन: कळलावी, विहीर किंवा जन्मलेल्या अर्भकाच्या गळ्याला नख.

चौथी वाट दाखवली ती जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी. १८६३ साली पुण्यात त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. येथे या, गुप्तपणे बाळंत व्हा, मूल ठेवायचे तर ठेवा, नाहीतर आम्ही सांभाळू, असे सांगणारे हे घर. काशीबाई नावाच्या एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला त्यांनी दत्तक घेतले. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला. या कामाचा आपल्या नगरशी एक धागा आहे. जोतीरावांनी नगरला येऊन अमेरिकन मिशनच्या मिस सिंथिया फरार यांची मुलींची शाळा पाहिली आणि त्यानंतर १८४८ साली पुण्यात आपली शाळा काढली. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे धडे घेतले तेही याच फरारबाईंकडे, नगरला. म्हणजे औषधाच्या नावाखाली विष घेणाऱ्या स्त्रीसाठी पहिला आसरा ज्यांनी उभा केला, त्यांच्या शिकण्याची एक पायरी आपल्या गावात आहे. पुढे कायद्याला ही गोष्ट पटायला शंभरावर वर्षे लागली. १९७१ साली वैद्यकीय गर्भपाताचा कायदा झाला आणि डॉक्टरच्या हातून, ठरावीक मुदतीत, ठरावीक कारणांसाठी गर्भपात कायदेशीर झाला. कळलावीची सद्दी कमी झाली ती या कायद्याने. नुसत्या उपदेशाने ती कधीच झाली नसती.

या सगळ्या इतिहासात एक पात्र सतत उभे आहे आणि त्याला नेहमी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले गेले. ती म्हणजे सुईण. बहुधा ती गरीब, पुष्कळदा अस्पृश्य मानलेल्या जातीची, अक्षरशत्रू. गावातल्या प्रत्येक घरात ती बाळंतपणापुरती आत घेतली जाई आणि काम झाले की तिचा स्पर्श धुऊन टाकला जाई. तिच्या हातात मोठे कसब होते. पोटावरून हात फिरवून मूल आडवे आहे की उभे, हे ती सांगत असे. पण नाळ कापायला विळा किंवा धारेचा दगड, जखमेवर राख नाहीतर शेण; त्यातून धनुर्वात होऊन बाळे जात. वार अडकली की काय करावे हे तिला ठाऊक नसे. तिला कोणी शिकवले नाही आणि न शिकवल्याबद्दल दोष मात्र तिलाच दिला.

शिकण्याची ही तहान किती खोल होती याचे उदाहरण म्हणजे आनंदीबाई जोशी. चौदाव्या वर्षी त्यांना मूल झाले आणि ते दहा दिवसांत गेले. त्यानंतर त्या अमेरिकेला जाऊन डॉक्टर झाल्या, आणि १८८६ साली पदवीसाठी त्यांनी जो प्रबंध लिहिला त्याचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. परदेशात आधुनिक विद्या शिकतानाही त्या बाईने आपल्या घरच्या विद्येकडे पाठ फिरवली नाही. ती तपासायला घेतली. पुढच्याच वर्षी त्या क्षयाने गेल्या. तो धागा तेथेच तुटला.

त्यानंतरची साठ वर्षे काय झाले? १९४६ साली भोर समितीने देशाच्या आरोग्याचा अहवाल दिला. त्यात हजार जिवंत जन्मांमागे सुमारे २० माता दगावतात असा अंदाज होता. म्हणजे पन्नास बाळंतपणांत एक मरण. एखाद्या बाईची सहा-सात बाळंतपणे व्हायची, हे ध्यानात घ्या, म्हणजे त्या आकड्याचा अर्थ कळेल.

आता माझ्या प्रांतात येतो. बाळंतिणीचा विसावा हा माहेरच्या दाण्यांवर न सोडता मालकाने आणि सरकारने द्यावा, ही कल्पना कामगार चळवळीची. १९१९ साली आंतरराष्ट्रीय मजूर परिषद वॉशिंग्टनला भरली आणि तिने ठराव केला, की बाळंत झाल्यावर सहा आठवडे स्त्रीला कामाला लावू नये. मुंबई इलाख्यात १९२८ साली कायदेमंडळापुढे बाळंतपणाच्या भत्त्याचे विधेयक आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. १९२९ साली मुंबईचा कायदा झाला आणि गिरणीतल्या बायकांना बाळंतपणाचा भत्ता मिळू लागला. पुढे १९६१ साली साऱ्या देशासाठी कायदा झाला. त्यात बाळंतपणानंतर सहा आठवडे स्त्रीला कामावर ठेवण्याची मालकाला मनाई होती. २०१७ साली पगारी रजा २६ आठवड्यांची झाली, आणि हा सगळा भाग २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घेतला गेला.

सहा आठवडे म्हणजे बेचाळीस दिवस. सुश्रुताचे पंचेचाळीस, आजीचा सव्वा महिना आणि वॉशिंग्टनचे बेचाळीस! तिन्ही हिशेब वेगवेगळ्या माणसांनी केले, एकमेकांना न विचारता केले, आणि तिन्ही एकाच ठिकाणी येऊन थांबले. कारण बाईचे शरीर तेच आहे. गर्भाशय पूर्ववत व्हायला साधारण तेवढाच काळ लागतो.

पण कायदा गिरणीच्या फाटकाशी थांबला. आमच्या नगरच्या विडी कामगार बायका, त्यांतल्या पुष्कळशा तेलंगणातून आलेल्या पद्मशाली घरांतल्या, घरी बसून काम करणाऱ्या. पाने आणायची, भिजवायची, कापायची, तंबाखू भरून वळायची आणि हजाराच्या हिशेबाने कारखान्यात घालायची. छाट निघाली की तेवढी मजुरी गेली. अशी बाई कायद्याने कामगार की नाही, हेच ठरायला १९६६ साल उजाडले. त्या वर्षीच्या विडी-सिगार कामगार कायद्याने घरी काम करणारीलाही बाळंतपणाच्या भत्त्याचा हक्क दिला. कागदावर दिला. हातात पडायचा तर मालकाच्या पुस्तकात तिचे नाव हवे. माझ्या आईचे नाव त्या पुस्तकात नव्हते; सासूच्या नावावर दोघींच्या विड्या जात. तेव्हा बाराव्या दिवशी तिने सूप मांडीवर घेतले ते हौसेने नव्हे. बाळंतविड्यातला विडा तिच्या वाट्याला आला नाही. विडी तेवढी आली. आणि मांडीवर मूल, सुपात तंबाखू, असे माझे पहिले महिने गेले. तंबाखूची पूड गर्भाला आणि बाळाला अपायकारक असते हे आता सर्वांना ठाऊक आहे.

ज्या काळाची मी ही गोष्ट सांगतो आहे त्याच काळात आपल्या जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, जामखेडला, एक वेगळा प्रयोग सुरू झाला होता. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य १९७० साली तेथे आले. त्यांनी पाहिले, की शिकलेल्या परिचारिका खेड्यात राहायला तयार नसतात. मग त्यांनी गावोगावच्या बायकाच निवडल्या. बऱ्याचशा निरक्षर, कित्येक दलित, काही टाकलेल्या. त्यांना आठवड्याआठवड्याला बोलावून शिकवले: गरोदर बाईची तपासणी कशी करावी, कोणते बाळंतपण गावात होईल आणि कोणते दवाखान्यात न्यावे, नाळ निर्जंतुक पात्याने कशी कापावी. मूल लहान राहिले म्हणजे सुटका सोपी होते, या समजुतीने गरोदर बाई पोटाला चिमटा घेत असे. ती समजूत या बायकांनीच शेजारणींच्या चुलीपाशी बसून मोडली. घरगुती उपायांतले निरुपद्रवी ते ठेवले, अपायाचे ते सोडायला लावले. १९७१ साली या गावांत हजार जन्मांमागे १७६ बाळे वर्षाच्या आत जात होती. १९९० नंतरच्या दशकात तो आकडा विशीच्या आसपास आला. १९७९ साली या कामाला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. माझ्या दृष्टीने जामखेडचे मोठेपण असे, की आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या बाईला तेथे प्रथम कोणीतरी विद्यार्थिनीच्या जागी बसवले. आनंदीबाईंचा तुटलेला धागा ऐंशीहून अधिक वर्षांनी आपल्या जिल्ह्यात पुन्हा सांधला गेला, असे म्हटले तर ते फार होणार नाही.

मग आता सारे ठीक झाले काय? पुष्कळ झाले आहे, आणि ते कबूल केले पाहिजे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात शंभरातली सुमारे ९५ बाळंतपणे दवाखान्यात होतात. २०१८–२० या काळात महाराष्ट्रात लाख जन्मांमागे ३३ माता दगावल्या. देशाचा आकडा ९७ होता. भोर समितीच्या हजारामागे २० शी, म्हणजे लाखामागे दोन हजारांशी ताडून पाहा. हे काम काढ्याने झाले नसते. स्वच्छता, रक्त, इंजेक्शन, शस्त्रक्रिया यांनी ते केले. पण त्याच पाहणीत दुसरा आकडा आहे. महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांत शंभरातल्या ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आहे. म्हणजे दवाखाना आला, पण अळिवाचा लाडू आणि सव्वा महिना अजून यायचा आहे.

आणि तो आला नाही की काय होते, ते आपल्या शेजारी घडले. पाथर्डी, शेवगाव, जामखेड आणि पलीकडचा बीड जिल्हा हा ऊसतोड मजुरांचा मुलूख. दिवाळी झाली की नवरा-बायको जोडीने निघतात; त्या जोडीला एक 'कोयता' म्हणतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. एक दिवस काम बुडाले की खाडा पडतो आणि तो उचलीतून वळता होतो. पाळीचा त्रास झाला तरी खाडा, बाळंतपण झाले तरी खाडा. फडात आडोसा नाही, पाणी नाही. अंगावरून जाणे, पोट दुखणे यांवर मग उपाय काय? २०१९ साली सरकारने नेमलेल्या समितीपुढे बीड जिल्ह्यातल्या पाहणीचे आकडे आले. ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती, आणि त्यांत पस्तिशीच्या आतल्याही होत्या. आजीच्या काळात विसाव्याऐवजी काढा मिळे. आता विसाव्याऐवजी शस्त्रक्रिया मिळते. औषध बदलले, हिशेब तोच राहिला. अशोकाची साल खरी की खोटी यावर आपण कितीही वाद घातला, तरी खाडा जोवर आहे तोवर त्या बाईला कोणतेच औषध लागू पडणार नाही.

म्हणून माझे दोनच बोलणे आहेत. पहिले आपल्या घरातल्यांसाठी. आजीच्या गाठोड्याची टिंगल करू नका आणि पूजाही करू नका. त्यातले अन्न आहे ते खुशाल द्या. औषध म्हणून जे द्यायचे ते जाणत्याला विचारून द्या. रक्त जात असेल, ताप असेल, कळा अडल्या असतील तर क्षणभरही घरी थांबू नका. अकोल्याच्या डोंगरातल्या म्हाताऱ्या सुइणींना जे ठाऊक आहे ते त्यांच्याबरोबर जाऊ देऊ नका. ते लिहून घ्या, पारखून घ्या. आणि शतावरीचा वेल मुळासकट उपटून बाजारात नेणाऱ्यांना आवरा, नाहीतर पारखायलाही काही उरणार नाही.

दुसरे बोलणे गावासाठी. आपल्या घरी धुणेभांडी करणारी बाई, शेजारच्या बोळात विड्या वळणारी बाई, आपल्या चहातल्या साखरेसाठी फडात कोयता चालवणारी बाई बाळंत झाली, तर तिचा सव्वा महिना कोण भरणार, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा. घरच्या कामवालीला बाळंतपणाची पगारी रजा द्यायला कोणत्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. ती उद्यापासून देता येते.

माझी आई गेली त्याला काही वर्षे झाली. शेवटच्या दुखण्यात मी तिला एकदा म्हणालो, "आई, काढा लागू पडला नाही असे तू जन्मभर म्हणालीस. खरे म्हणजे तुला रजा मिळाली नाही." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "असेल बाबा. पण आम्हाला रजा मागायची असते हे कोणी सांगितलेच नाही."

तेवढे सांगण्यासाठी मी आज येथे उभा राहिलो.